बंब येण्यापूर्वी

मराठीत 'बंब' हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. आंघोळीचे पाणी तापवण्याचे तांब्याचे उंच भांडे म्हणजे बंब आणि आग विझवायला धावणारी लाल गाडी म्हणजेही बंब. एकाच्या पोटात विस्तव असतो, तर दुसऱ्याच्या पोटात पाणी. उर्दूतून मराठीकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना या शब्दाची गंमत वाटते. पण आग लागली की आपण या दुसऱ्या बंबाच्या वाटेकडे डोळे लावून बसतो. तो येईपर्यंत काय करावे आणि त्याला बोलावण्याची वेळच येऊ नये म्हणून काय करावे, हा विचार मागे राहतो.

आपल्या भागाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. जुन्नर शहरात नगरपालिकेचे अग्निशामक दल आहे. जवळपास मोठी आग लागली, तर साखर कारखान्याचा बंबही मदतीला येतो. परंतु जुन्नर तालुका पूर्वेला आळेफाट्याच्या पुढे जातो आणि पश्चिमेला थेट नाणेघाटाला भिडतो. आंबेगाव तालुका मंचरच्या सपाट मळ्यांपासून भीमाशंकरच्या जंगलापर्यंत आणि आहुप्याच्या कड्यापर्यंत पसरला आहे. घाटाकडील वळणावळणाच्या रस्त्याने पाण्याने भरलेली जड गाडी किती वेगाने जाणार? वाळलेले गवत आणि लाकडी माळवद तिच्यासाठी थांबत नाहीत. आग लहान असते, ती पहिली काही मिनिटेच. त्या मिनिटांत तिथे जवान नसतो. तिथे घरची बाई असते, मजूर असतो किंवा शाळकरी मुलगा असतो.

'गावोगावी बंब द्या' अशी मागणी काही जण करतात. मागणी चुकीची नाही. पण नुसती गाडी देऊन भागत नाही. रात्रंदिवस तयार राहणारा चालक, शिकलेले जवान, पाणी भरण्याची सोय आणि देखभाल हे सारे लागते. हा खर्च प्रत्येक ग्रामपंचायतीला झेपेल, असे मला वाटत नाही. त्यापेक्षा दलाच्या जवानांनी हाती आगीची वर्दी नसतानाही गावात यावे, हे अधिक स्वस्त आणि अधिक उपयोगी आहे.

असे काम दरवर्षी होते, हे खरे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. आग विझवण्याचे काम चालू असतानाच दुपारी चारनंतर प्रचंड स्फोट झाले. त्यात मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. जवान प्रात्यक्षिके दाखवतात, पत्रके वाटतात. या स्मृतीबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण शाळांच्या दृष्टीने हे दिवस गैरसोयीचे आहेत. १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीची सुट्टी असते आणि त्यापुढे परीक्षांची धांदल असते. शिवाय आपल्या डोंगरांवरचे गवत एप्रिलची वाट पाहत नाही. ते फेब्रुवारीतच पेटू लागते. म्हणून जुन्नर-आंबेगावच्या शाळांनी जवानांना जानेवारीतच बोलवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सप्ताह एप्रिलमध्ये खुशाल पाळावा, पण शिकवण आधी मिळावी.

आपल्याकडची आग शहरातल्या आगीसारखी नसते. डोंगरउतारावर वणवा लागतो. शिवनेरीच्या उतारावरही उन्हाळ्यात गवत पेटल्याच्या घटना घडल्या आहेत. कुणी विडीचे थोटूक टाकतो, कुणी बांध जाळतो आणि वारा ती आग रानात नेतो. जुने गवत जाळले की पुढच्या वर्षी चांगले उगवते, अशी समजूत अजून आहे. प्रत्यक्षात त्या आगीत लहान रोपे, पक्ष्यांची घरटी आणि जमिनीवरचा पालापाचोळा नष्ट होतो. मग पावसाळ्यात उघडी माती वाहून जाते. वन विभाग उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढतो. म्हणजे गवताचा लांब पट्टा स्वतःच्या देखरेखीखाली जाळून मोकळा करतो. पुढे वणवा तिथवर आला की त्याला खायला काही उरत नाही. मुलांना एखादी जाळरेषा नेऊन दाखवावी. पुस्तकातील धड्यापेक्षा ती लवकर समजेल.

दुसरी आग उसाच्या फडातली. ऊस तुटल्यावर शेतात पाचट उरते. ते जाळणे सोपे वाटते, पण कुजवले तर जमिनीला खत मिळते आणि ओल टिकते. पाचटाची आग शेजारच्या उभ्या उसात शिरली, तर शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट जातात. आणि आपल्या भागातल्या उसात बिबटेही राहतात. एप्रिल २०१९ मध्ये आंबेगाव तालुक्यातील अवसरी परिसरात पाचटाला लावलेल्या आगीत बिबट्याची पाच पिल्ले होरपळून मेली. साप दिसल्यामुळे मजुरांनी पाचट पेटवले होते, असे त्या वेळी सांगण्यात आले. कुणाच्या मनात पिल्लांना मारायचे नव्हते. आत काय आहे, हे पाहिले गेले नाही, एवढेच.

ऊसतोड मजुरांच्या कोप्यांचा विचार तर कुणीच करत नाही. दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे दुरून येतात. बांबू, पाचट आणि प्लॅस्टिकचा कागद यांची एकाला एक लागून खोपटी उभी राहतात. दाराशीच चूल असते आणि आत तान्हे मूल निजलेले असते. एक ठिणगी पुरे. हंगाम सुरू होताच जवानांनी अशा तळावर एक संध्याकाळ घालवावी. दोन कोप्यांत अंतर ठेवा, चूल खोपटांपासून दूर मांडा, पाण्याचे पिंप भरून ठेवा, एवढे सांगायला काय खर्च येतो?

शाळेच्या आवारातही विस्तव असतोच. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकाच्या झोपडीतून आग पसरली आणि ९४ मुले दगावली. त्याआधी २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या समारंभाचा मंडप पेटला. त्यात चारशेहून अधिक माणसे गेली आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. आपल्याकडेही खिचडी शिजते आणि स्नेहसंमेलनाला मंडप पडतो. मंडपाला बाहेर पडण्याच्या किती वाटा आहेत, हे पाहुण्यांच्या खुर्च्या मांडण्याआधी मोजले पाहिजे.

'अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे, त्यात हे कुठे बसवायचे?' असे काही सहकारी विचारतात. मला तर यासाठी एक सकाळ पुरेशी वाटते. जवानांनी मैदानावर कढईतले तेल पेटवून दाखवावे. त्यावर पाणी ओतले की भडका उडतो आणि झाकण ठेवले की आग गुदमरते. हे एकदा पाहिलेले मूल जन्मभर विसरत नाही. गॅसचा वास आला, तर विजेचे बटण दाबू नये, दारे-खिडक्या उघडाव्यात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. धूर मात्र वर जातो, म्हणून धुरातून सरपटत बाहेर पडावे. लाल नळकांड्याची पिन ओढून त्याची नळी ज्वाळांवर नव्हे, तर आगीच्या बुडाशी धरावी. मोठ्या मुलांनी हे स्वतः करून पाहावे. मुले आगीशी खेळायला शिकतील, ही भीती मला पटत नाही. ती आजही खेळतातच, फक्त न शिकता.

यात मराठी भाषेच्या शिक्षकाचेही काम आहे. आपल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी आई केवळ उर्दू बोलते. संकटात १०१ किंवा ११२ वर फोन लावायची वेळ आली, तर तो शाळेत जाणारे मूलच लावणार. त्यासाठी निबंधाची मराठी उपयोगाची नाही. काय पेटले आहे, आत कुणी अडकले आहे का, कोणते गाव, कोणता मळा, कोणत्या फाट्यावरून वळायचे, एवढी चार-पाच वाक्ये न अडखळता सांगता आली पाहिजेत. ही वाक्ये वर्गात दोघा-दोघांनी म्हणून पाहावीत. एकाने फोन करणारा व्हावे, दुसऱ्याने जवान. बंबाच्या चालकाला गाव सापडते, मळा सापडत नाही. म्हणून फोन झाल्यावर घरातल्या एकाने फाट्यावर जाऊन उभे राहावे, आणि रात्र असेल तर हातात बॅटरी घेऊन.