किल्ला विकणे आहे

विलायतेत चार महिने राहून आलेल्या माणसाला घरांविषयी काही विचारू नये. विचारलंत तर तो आधी तुमच्या दीड खोलीकडे पाहतो, मग जिन्यात ठेवलेल्या सायकलींकडे पाहतो, एक सुस्कारा सोडतो आणि म्हणतो, "तिकडे कसं सगळं शिस्तीत! पुढे बाग, मागे हिरवळ. आणि व्यवहार? एकदम चोख!"

बागेबद्दल माझी तक्रार नाही. हिरवळही उत्तमच असते. पण 'व्यवहार चोख' हे शब्द मी ऐकून घेणार नाही. मी बी. कॉम. आहे, आणि गेली वीस वर्षं बँकेत लोकांची खरेदीखतं तपासतो आहे. चोख व्यवहार म्हणजे काय ते मला कळतं. निदान चोख नसलेला तरी वासावरून कळतो.

साहेब म्हणतो, इंग्रजाचं घर म्हणजे त्याचा किल्ला. हा किल्ला पाहायचा म्हणून मी लंडनच्या वायव्येला, हॅरोजवळच्या रेनर्स लेनला मामेभावाकडे महिनाभर राहिलो. तो तिथे भाड्याच्या घरात राहून विकतचं घर शोधत होता. हा सगळा परिसर रेल्वेच्या पोटचा. मेट्रोपॉलिटन रेल्वेने १९१५ साली आपल्या रुळांकडेच्या भागाला 'मेट्रोलँड' असं नाव देऊन जाहिराती सुरू केल्या. मोकळ्या हवेत घर घ्या आणि आमच्या गाडीने हापिसात जा! म्हणजे एकाच गिऱ्हाइकाला घरही विकायचं आणि जन्मभराचा पासही. धंदा म्हणून मी टोपी काढतो.

दोन महायुद्धांच्या दरम्यान इथे गल्ल्याच्या गल्ल्या उभ्या राहिल्या. घरं दोन-दोन, एका भिंतीने चिकटलेली. मराठीत आपण याला जुळी घरं म्हणतो. साहेब म्हणतो 'सेमी-डिटॅच्ड', म्हणजे अर्धवट अलिप्त. चिकटलेल्या गोष्टीला अलिप्त म्हणण्याचं हे कसब साहेबाचंच. दर्शनी भिंतीवर काळ्या लाकडी पट्ट्या, ट्यूडर राजांच्या काळातल्यासारख्या. त्या कशाचाही भार उचलत नाहीत, नुसत्या ठोकलेल्या असतात. मधल्या भिंतीसाठी मात्र स्वतंत्र कायदा आहे आणि त्याचं नाव चक्क 'पार्टी वॉल इत्यादी कायदा, १९९६' असं आहे. कायद्याच्या नावातच 'इत्यादी'! आमच्या मॅनेजरसाहेबांनी मला एकदा एका चिठ्ठीत 'इत्यादी' लिहिलं म्हणून ती परत लिहायला लावली होती. शेजाऱ्याचं झुडपांचं कुंपण दोन मीटरच्या वर गेलं आणि तुमचा उजेड अडला, तर त्याबद्दलही २००३ च्या कायद्याखाली कौन्सिलकडे तक्रार करता येते.

भिंतीची काळजी घेतली, झुडपाची घेतली. माणसाच्या शब्दाची मात्र घेतली नाही. माझं भांडण आहे ते इथे.

आपल्याकडे बैलबाजारात दोन माणसं उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवतात. भाव जमला की घेणारा इसार देतो. शंभर रुपये द्या, पाचशे द्या. इसार दिला की बैल तुमचा झाला. नंतर कोणी हजार रुपये जास्त घेऊन आला तरी विकणारा सांगतो, "दिला बाबा, इसार घेतलाय." तरीही जो विकेल त्याला पुढच्या बाजारात कोणी दारात उभं करत नाही. हे सगळं निरक्षर माणसाला कळतं.

आता इंग्लंडमधलं घर पाहा. तुम्ही किंमत सांगता, मालक 'हो' म्हणतो, एजंट हात हलवून अभिनंदन करतो आणि दारात फळी लागते: 'सोल्ड'! खाली बारीक अक्षरांत 'सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट'. मराठीत याचा अर्थ 'विकलं, पण विकलं नाही.' पुढे दोन्हीकडच्या वकिलांनी करारांची अदलाबदल करेपर्यंत या 'हो'ची किंमत शून्य. मधे आठवडे जातात, बहुधा महिने जातात. तेवढ्यात तुम्ही सर्व्हेअरला पैसे देता, वकिलाला देता. तो कौन्सिलचे कागद पाहतो, सांडपाण्याचे नकाशे पाहतो, जवळच्या जुन्या चर्चच्या गाभाऱ्याची दुरुस्ती तुमच्या गळ्यात पडत नाही ना, हेसुद्धा पाहतो. किमतीच्या दहा टक्के अनामत द्यायची ती या सगळ्याच्या शेवटी. म्हणजे इसार आहे, पण लग्न लागल्यावर साखरपुडा करावा तसा.

आणि या मधल्या काळात दुसरा कोणी जास्त पैसे घेऊन आला तर? एजंट विकणाऱ्याचा माणूस. दलाली तोच देतो. आलेली प्रत्येक बोली मालकाला लेखी कळवणं हे एजंटावर कायद्याने बंधनकारक आहे. मालक दुसऱ्याला 'हो' म्हणतो. याला त्यांच्या भाषेत 'गॅझम्पिंग' असा खास शब्द आहे. उलट, ऐन वेळी घेणारा किंमत पाडून मागतो, त्याला 'गॅझंडरिंग'. एखाद्या लबाडीला भाषेत दोन-दोन शब्द असले की ती रूढी झाली असं समजावं. किल्ला म्हणे! आमच्याकडे किल्लेदार आतून दुसऱ्याला सामील झाला तर त्याला फितुरी म्हणत आणि त्याचा कडेलोट होई. इथे त्याला चार पैसे जास्त मिळतात.

मामेभावाचं असंच झालं. नवव्या आठवड्यात एजंटाचा फोन आला. तीनदा 'सॉरी' म्हणाला. त्यांच्याकडे सॉरीला स्टॅम्प ड्यूटी नाही. सर्व्हे आणि वकील मिळून सुमारे दोन हजार पौंड गेले. पैशाचं दुःख मी समजू शकतो, तो माझा धंदाच आहे. पण त्या घरासमोर शाळा होती. तिथे शाळेतला प्रवेश बहुतेक घरापासूनच्या अंतरावर ठरतो आणि अर्जाची मुदत १५ जानेवारी. घर हातचं गेलं ते डिसेंबरात. पोरीने खिडकीतून दिसणाऱ्या त्या शाळेचं चित्र काढून ठेवलं होतं. ते फ्रिजवर लावलेलं होतं. मी असेपर्यंत कोणी काढलं नाही.

"अहो, पण आपले बिल्डर?" हो, माहीत आहेत. ताबा मिळेपर्यंत माणसाचे केस जातात. म्हणून तर आपण १९६३ साली कायदा केला, की बिल्डरने लेखी करार नोंदवल्याशिवाय वीस टक्क्यांहून जास्त आगाऊ रक्कम घेऊ नये. २०१६ च्या रेरात ती मर्यादा दहा टक्के झाली. पळवाटा निघाल्या असतील, पण आपली लबाडी आपण लबाडी म्हणून ओळखली. तिला हिरवळ लावून 'सिस्टिम' म्हटलं नाही.

आणि उपाय सापडत नाही म्हणावं, तर तो शेजारीच आहे. स्कॉटलंडमध्ये दोन्हीकडच्या वकिलांची पत्रं पुरी झाली की सौदा पक्का, आणि हे बरंच लवकर होतं. शिवाय २००८ पासून घराची तपासणी आधी विकणाऱ्याने करून ठेवायची, असा तिथे नियम आहे. इंग्लंडने २००७ मध्ये कागदपत्रांचं गाठोडं विकणाऱ्यानेच द्यावं असं ठरवलं, ओरड झाली, आणि २०१० मध्ये गाठोडं बासनात गेलं. २०२५ च्या ऑक्टोबरात सरकारने पुन्हा जनतेची मतं मागवली. मत कसलं मागवता? उपरणं घ्या, इसार घ्या!

मामेभाऊ आता पिनरला दुसऱ्या घराच्या अकराव्या आठवड्यात आहे. याचं घर ज्याच्याकडून घ्यायचं तो दुसऱ्याचं घेणार, तो तिसऱ्याचं. त्याला 'चेन' म्हणतात. आपल्या लोकलमध्ये एकाने साखळी ओढली की बारा डबे थांबतात, तसंच. या साखळीच्या टोकाला एक आजीबाई आहेत. नव्या जागेत आपलं मांजर रुळेल की नाही, हे त्यांचं अजून ठरायचं आहे. पाच कुटुंबं सामान बांधून मांजराकडे डोळे लावून बसली आहेत.