डाळिंबाचा दाणा

शाळेत असताना ग्रीक आणि रोमन दैवतकथा मी वाचल्या त्या मुख्यतः मारामारीसाठी. हर्क्युलीसने अनेक मुंडक्यांचा सर्प मारला, पर्सिअसने मेड्युसाचे डोके उडवले, की माझे समाधान होई. धान्यदेवता डीमीटरची गोष्ट त्याच पुस्तकात होती. पण तिच्यात मला पाहण्यासारखे दिसे ते एकच, जमीन दुभंगून वर येणारा पाताळराजाचा रथ! हेडीझने डीमीटरची मुलगी पर्सेफनी पळवली, आईने शोक केला, म्हणून वर्षातले काही महिने शेते उजाड राहतात. ऋतू बदलतात त्याचे जुन्या लोकांनी दिलेले भाबडे कारण, असा शेरा मारून आमचे मास्तर पुढच्या धड्याकडे वळत.

आता पन्नाशी उलटली. मुलगी लग्न होऊन परगावी गेली. अशा वेळी तीच गोष्ट पुन्हा हाती आली, आणि ती त्या जुन्या काव्याच्या भाषांतरातून. हे डीमीटरचे स्तोत्र होमरच्या नावावर चालत आलेले, पण होमरचे नव्हे. कित्येक शतके ते हरवलेलेच होते. १७७७ साली मॉस्कोत एका जर्मन पंडिताला त्याची प्रत सापडली.

आई हातात मशाली घेऊन नऊ दिवस हिंडते. अन्न नाही, स्नान नाही. अखेर सूर्यदेव हेलिओस खरे काय ते सांगतो. मुलीच्या बापाने, म्हणजे खुद्द झ्यूसने, हे लग्न ठरवले होते. आईला विचारण्याची गरज कोणालाच वाटली नव्हती! आणि वर सूर्य तिची समजूत घालतो की, रडतेस कशाला, जावई काही वाईट नाही. तुझाच सख्खा भाऊ, तिसऱ्या हिश्शाचा धनी. (म्हणजे नवरा मुलीचा मामाही आणि काकाही, पण ग्रीक देवांच्या घरची नाती मोजू नयेत.) मी पुस्तक मिटून स्वस्थ बसलो. 'स्थळ चांगले आहे' हे वाक्य चहा-पोह्यांच्या किती बैठकींत ऐकले असेल!

ओव्हिड या रोमन कवीनेही ही कथा सांगितली आहे. त्याचा ज्युपिटरही असेच म्हणतो, हा काही गुन्हा नव्हे, प्रेम आहे. ओव्हिड चतुर खराच. पण त्याचे एकच चित्र माझ्या मनात राहिले. पळवून नेताना मुलीच्या ओच्यातली फुले सांडतात, आणि त्या पोरीला त्या फुलांचेही वाईट वाटते.

स्तोत्रातली आई मात्र पुढे जे करते ते शाळेच्या पुस्तकात नव्हतेच. म्हातारीचा वेष घेऊन ती अथेन्सजवळच्या एल्यूसिस गावी विहिरीपाशी बसते. पाणी भरायला आलेल्या राजकन्या तिला घरी नेतात, आणि ही देवी चक्क दाई होऊन त्यांच्या तान्ह्या भावाला सांभाळू लागते! रोज रात्री ती त्याला गुपचूप विस्तवात ठेवते, तो अमर व्हावा म्हणून. आपले मूल मृतांच्या राज्यात गेले. निदान हे तरी तिथे जाऊ नये, असे तिच्या मनात असेल का? कवी सांगत नाही. एका रात्री मुलाची आई ते पाहून किंचाळते, आणि सारेच फिसकटते.

मग डीमीटर संपावरच जाते. वर्षभर दाणा उगवत नाही. माणसे मरू लागली आणि देवांचे नैवेद्य बंद व्हायची वेळ आली, तेव्हा कुठे झ्यूस शुद्धीवर येतो. पुढे याच एल्यूसिसला हजाराहून अधिक वर्षे तिचा गुप्त विधी चालला. स्त्रियांना, गुलामांनाही तिथे दीक्षा मिळे. रोमचा सिसेरोही ती घेऊन आला. इतक्या लोकांनी पाहिलेले ते गुपित अखेरपर्यंत पुरते फुटले नाही, याचे मला फार नवल वाटते.

मुलगी परत येते तेव्हा आई तिला कवटाळते आणि विचारते, तिथे काही खाल्ले नाहीस ना? माहेरी आलेल्या लेकीला 'जेवतेस ना गं नीट?' असे विचारणाऱ्या आया मी जन्मभर पाहिल्या. 'नाही' हे उत्तर यावे म्हणून जीव मुठीत धरून बसलेली आई हीच पहिली. पण हेडीझने डाळिंबाचा दाणा खायला लावलेला असतो. वर्षाचा तिसरा हिस्सा सासरी काढणे आता चुकत नाही.

त्यानंतर सबंध दिवस त्या मायलेकी एकमेकींना धीर देत बसतात. डीमीटरचा राग काढायला झ्यूस शेवटी पाठवतो ती रीआला, म्हणजे तिच्या आईला, पर्सेफनीच्या आजीला. आजीचे मात्र ती ऐकते.