न्यूयॉर्क किती तासांवर?

आमच्या इमारतीतील निम्म्या घरांची मुले परदेशी, त्यामुळे जिन्यात भेटेल तो विमानाच्या तासांचा हिशेब करीत असतो. तळमजल्यावरच्या वहिनी माघात लेकीच्या बाळंतपणासाठी न्यूयॉर्कला निघाल्या आहेत. गुडघे दुखरे, इंग्रजी बेताचे, प्रवास एकटीचा. मुंबईहून रात्री दीडला सुटून सकाळी सातला पोहोचणार, हे वाचून त्या हरखल्या. "भावजी, साडेपाच तासच की हो!"

तिकिटावरच्या वेळा ज्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेदहा तास असते. साडेपाचात साडेदहा मिळवा, सोळा होतात.

अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली, तर वाट अरबस्तान व उत्तर आफ्रिकेवरून गेलेली दिसते. पण मुलांचा पृथ्वीचा गोल घ्यावा आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणावा. तो वर सरकून थेट आइसलँडवरून जातो! सर्वांत जवळची वाट ती. विमानाला ती मिळतेच असे मात्र नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा वळसे वाढले आणि अमेरिकेच्या काही विमानांना तेल भरण्यासाठी युरोपात उतरावे लागले.

येताना मात्र तास-दीड तास कमी लागतो. वहिनींचे यजमान म्हणतात, "पृथ्वी फिरते ना, मुंबईच पुढे येते." तसे असते तर गच्चीवर उडी मारून आम्ही दादरला उतरलो असतो! हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. खरा कर्ता वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीवर. 2016 साली एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे विमान उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून नेले. वाट सुमारे 1,400 किलोमीटरने लांब, तरी वेळ दोन तासांनी कमी!

आता घरात वाद असा, की जावईबापूंना मधे आखातात थांबणारे स्वस्त तिकीट घ्यावेसे वाटते. एकूण बावीस तास. पाय मोकळे होतील, हे खरे. पण मध्यरात्री अनोळखी विमानतळावर दुसरे विमान एकटीने शोधायचे, तेही त्या गुडघ्यांनी? माझे मत सरळ जाणाऱ्या विमानाला. मात्र सोळा तास एका जागी बसून राहिल्यास पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. तेव्हा मधली वाटेलगतची जागा मागावी, तासा-दोन तासांनी उठून फेरी मारावी, पाणी पीत राहावे, आणि आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच सांगून ठेवता येते. वहिनींना तिचा संकोच वाटतो. "लोक काय म्हणतील?" म्हणतात. जावईबापूंनी ती परस्पर सांगून टाकली आहे.