मॅन्काटोचे अडतीस फास

मिनेसोटा या अमेरिकी राज्याने १९११ साली मृत्युदंड रद्द केला, याचे कौतुक मानवाधिकाराचे कैवारी आवर्जून करतात. कौतुक जरूर करावे. पण त्याच राज्याचा २६ डिसेंबर १८६२ हा दिवस गाळून करू नये. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मॅन्काटो गावात एकाच चौकोनी मंचावर डकोटा जमातीच्या ३८ पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. अमेरिकेच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी सामूहिक फाशी. ती पाहण्यास हजारोंची गर्दी लोटली होती.

डकोटांच्या उठावात शेकडो गोरे वसाहतकरी, त्यांच्या स्त्रिया व मुले मारली गेली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण करार करून भूमी घेतली, तिचे पैसे थकविले आणि भुकेल्यांना धान्य नाकारले, हेही तितकेच खरे! लष्करी आयोगाने ३९२ खटले उरकले. ‘उरकले’ हाच शब्द योग्य. काहींच्या वाट्यास पाच मिनिटेही आली नाहीत. वकील नाही, न्यायाची भाषा परकी. मृत्युदंड ठोठावला ३०३ जणांना. फाशी केंद्राच्या आदेशाने झाली, असा बचाव केला जातो. मग राज्याचे गव्हर्नर रॅम्से या सर्वांनाच फाशी द्या म्हणून लिंकन यांच्याकडे आग्रह का धरत होते? लिंकन यांनी कागदपत्रे तपासवून बहुतेकांचे प्राण वाचविले, हे श्रेय त्यांचेच. मात्र त्याच काळात केंद्राविरुद्ध शस्त्र उचललेले दक्षिणेचे गोरे सैनिक युद्धकैदी ठरत होते आणि डकोटा खुनी!

चास्काने सारा वेकफिल्ड या गोऱ्या स्त्रीचे व तिच्या मुलांचे रक्षण केले होते. तिने तशी साक्षही दिली. त्याची फाशी टळली होती, तरीही तो फासावर गेला. नावांचा घोळ झाला म्हणे! त्याच रात्री डॉक्टरांनी शवे उकरून नेली. एक शव विल्यम मेयो यांनी घेतले. यांच्याच पुत्रांनी पुढे मेयो क्लिनिक नावारूपास आणले. त्या संस्थेने क्षमा मागितली २०१८ साली.

पुढे १८८९ च्या कायद्याने फाशी सूर्योदयापूर्वी, बंद जागेत देण्याचे ठरले; तपशील छापण्यास वृत्तपत्रांना बंदी. १९०६ मध्ये विल्यम विल्यम्सच्या फाशीचा दोर लांब पडला, पाय जमिनीस टेकले. शिपायांनी दोर ओढून धरला. प्राण जाण्यास चौदा मिनिटांहून अधिक वेळ लागला. हे छापणाऱ्या वृत्तपत्रांवर खटले भरून दंड करण्यात आला. पण या एका गोऱ्याच्या तडफडीने राज्याची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली आणि पाच वर्षांत फाशी गेली. अडतीस डकोटांसाठी राज्याच्या गव्हर्नरांनी मॅन्काटोत क्षमायाचना केली, ती २०१९ साली.