नोहाचे तारू आणि आपला पुरावा

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव भागातल्या कार्यकर्त्यांच्या मोबाईलवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. बायबलमधला नोहा म्हणजे मनू, अब्राहाम म्हणजे ब्रह्मा, त्याची बायको सारा म्हणजे सरस्वती; सबब साऱ्या जगाचा मूळ धर्म वैदिक. या मजकुराला जबाब म्हणून आपल्याच काही तरुणांनी दुसरा मजकूर सोडला आहे. नोहा नागवंशी होता, त्याचे तारू नागांच्या बुडालेल्या राज्यातून निघाले, आणि येशू तर बौद्ध भिक्खूच होता! पहिल्या मजकुराचे मला नवल वाटत नाही. दुसऱ्याची काळजी वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिल्या मजकुराची वंशावळ महाराष्ट्रात जुनी आहे. पु. ना. ओक यांनी १९६४ साली इतिहासाच्या पुनर्लेखनासाठी संस्थाच काढली. व्हॅटिकन म्हणजे 'वाटिका', ख्रिश्चॅनिटी म्हणजे 'कृष्णनीती', अशा शब्दांच्या उड्या मारत त्यांनी अर्धे जग वैदिक करून टाकले. ताजमहालाबद्दलची त्यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००० साली फेटाळली, तरी पुस्तके खपतच राहिली. त्यांच्याही आधी बाबाराव सावरकरांचे 'ख्रिस्तपरिचय' हे पुस्तक १९४६ साली निघाले होते. येशू हा जन्माने तमिळ हिंदू होता, असा त्यात दावा आहे. सत्तर वर्षांनी, २०१६ साली, मुंबईच्या सावरकर स्मारकाने ते पुन्हा छापले. म्हणजे ही मंडळी थकलेली नाहीत.

पण या धंद्याची खरी पेढी काशीची आहे, आणि तिचा किस्सा आपल्या प्रत्येक वाचकाला ठाऊक असायला हवा. कंपनी सरकारच्या काळात फ्रान्सिस विल्फर्ड नावाचा एक अधिकारी काशीत पुराणांचा अभ्यास करत होता. बायबलमधल्या गोष्टी संस्कृत ग्रंथांत सापडतील, अशी त्याला आशा होती. साहेबाला काय हवे ते त्याच्या पंडिताने बरोबर ओळखले. थोड्याच दिवसांत 'पुराणातले' श्लोक मिळाले: सत्यवर्मन नावाचा राजा, त्याचे तीन मुलगे शर्म, खर्म आणि ज्यापति. बायबलमधले शेम, हाम आणि याफेथ हुबेहूब! बाप दारू पिऊन उघडा पडला, खर्म हसला, बापाने त्याला 'दासांचा दास होशील' असा शाप दिला. विल्फर्डने १७९० च्या दशकात हे सारे एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापले आणि सर विल्यम जोन्ससारखा विद्वानही त्यावर भाळला.

पुढे विल्फर्डने मूळ पोथ्या नीट तपासल्या. पाने बदललेली, नावे खोडून नवी घातलेली. जाब विचारला तेव्हा पंडित संतापला, शिव्याशाप देऊ लागला, आणि श्लोक अस्सल आहेत अशी शपथ घ्यायला त्याने दहा ब्राह्मण आणून उभे केले. साक्षीदार दहा, पण दस्तऐवज बनावट! १८०५ च्या सुमारास विल्फर्डने ही फसवणूक स्वतःच छापून जाहीर केली. बनावट करणाऱ्याने वाचलेल्या आणि आशीर्वाद मिळालेल्या मुलाचे नाव 'शर्म' ठेवले, हेही ध्यानात घ्यावे. ब्राह्मणाच्या नावात काय असावे, ते मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलेले आहे. साहेबाची पोथी लिहितानाही पंडित आपली जागा विसरला नाही.

आता कोणी म्हणेल, जुन्या कथा आहेत, हव्या तशा जुळवू द्या, आपले काय जाते? उत्पत्तीच्या कथेने काय जाते ते आपल्याहून चांगले कोणाला ठाऊक असणार! बायबलमध्ये नोहाचा शाप खरे तर हामवर नाही, त्याच्या कनान या मुलावर आहे. तरी अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांनी तो साऱ्या काळ्या माणसांना चिकटवला आणि चर्चमध्ये उभे राहून सांगितले की यांची गुलामी देवानेच ठरवली आहे. आपल्याकडे पुरुषसूक्ताने तेच केले. विराट पुरुषाच्या मुखातून एक जन्मला, पायातून दुसरा. एका कथेत दारू प्यायलेला बाप, दुसऱ्या कथेत कापलेला पुरुष. भोगणारे मात्र दोन्हीकडे कष्टकरी. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेत गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली, यातला अर्थ इथे आहे.

इथे एक रास्त प्रश्न येतो. जोतीरावांनीही पुराणकथांचे नवे अर्थ लावले. मत्स्य म्हणजे होड्यांतून आलेल्या टोळीचा नायक, राक्षस म्हणजे रक्षक, बळी हा आपला राजा. मग ओक आणि फुले यांच्यात फरक काय?

हा फरक न्यायालयात काम करणाऱ्याला चटकन कळतो. सरतपास वेगळा आणि उलटतपास वेगळा. 'गुलामगिरी' हा ग्रंथच प्रश्नोत्तरांचा आहे. धोंडिबा विचारतो, जोतीराव सांगतात, आणि दोघे मिळून पुराणांचा उलटतपास घेतात. ब्राह्मण मुखातून जन्मला म्हणता, तर त्या मुखाच्या बाळंतपणाचे काय, असा सरळ प्रश्न ते टाकतात. साक्षीदार हजारो वर्षे शपथेवर खोटे बोलत होता, त्याला पहिल्यांदा कोणीतरी पिंजऱ्यात उभे करून घाम फोडला. अर्थ आम्हालाही लावता येतो, आणि आमचा अर्थ तुमच्यापेक्षा जास्त पटतो, हे जोतीरावांनी दाखवले. ते काम अफाट होते आणि पुरे झाले. परंतु उलटतपासात वकिलाने साक्षीदाराला केलेली सूचना हा पुरावा होत नाही, हा कायदा आहे. साक्षीदाराने ती नाकारली, तर ती आपल्याला स्वतंत्र पुराव्याने सिद्ध करावी लागते. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन २०२४ पासून नवा अधिनियम लागू झाला, पण जो दावा करतो त्यानेच तो सिद्ध करायचा, हे तत्त्व बदललेले नाही.

हे ओझे बाबासाहेबांनी उचलले. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाची प्रस्तावना आपल्या तरुणांनी जरूर वाचावी. अस्पृश्यतेच्या उगमाचा थेट पुरावा उपलब्ध नाही, दुवे तुटलेले आहेत, म्हणून तर्काने ते जोडावे लागतात, हे ते लपवत नाहीत. सिद्धांताला सिद्धांतच म्हणतात. मग पुरावा मांडत मांडत साधारण इ.स. ४०० या काळापर्यंत येतात, आणि टीकाकाराला बजावतात की याहून सरस उपपत्ती असेल तर पुढे आणा. बॅरिस्टर माणसाचे हे लेखन आहे. त्यात नावाला नाव जुळवून जग जिंकलेले नाही.

मग आपल्या मजकुराकडे बघा. येशू भिक्खू होता याचा 'पुरावा' काय, तर लडाखच्या हेमिस मठातला ग्रंथ. हा ग्रंथ पाहिल्याचे नोटोविच नावाच्या रशियन प्रवाशाने १८९४ साली पुस्तक छापून सांगितले. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस मुद्दाम हेमिसला गेले. मठाच्या प्रमुखांनी असा पाहुणा आल्याचेही नाकारले आणि असा ग्रंथ असल्याचेही. एक बौद्ध लामा नाही म्हणतो, आणि आपण बौद्ध मंडळी त्याच्यावर अविश्वास दाखवून रशियन प्रवाशाचे ऐकतो, याला काय म्हणावे? नोहाच्या पुराची गोष्टही तशीच. जॉर्ज स्मिथने १८७२ साली, म्हणजे 'गुलामगिरी'च्या आदल्याच वर्षी, लंडनमध्ये निनवेच्या मातीच्या विटा वाचून दाखवल्या. बायबलच्या पुराची थोरली बहीण त्या विटांवर आहे. त्यात मनू नाही आणि नागही नाही.

नागांसाठी नोहाच्या तारवात बसायची गरजच काय? १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी नागलोकांची आठवण काढली. त्या नागांचा लेखी पुरावा आपल्या जिल्ह्याला येऊन भिडतो. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या पुणे ताम्रपटात तिची आई कुबेरनागा नागकुळात जन्मली असे स्पष्ट कोरलेले आहे. त्या ताम्रपटाने दंगुण नावाचे गाव दान दिले, आणि हे गाव म्हणजे आजचे हिंगणघाट, असे वा. वि. मिराशींनी ठरवले. सोळाशे वर्षांपूर्वीचा दस्तऐवज, तांब्यावरचा! मात्र दस्तऐवज अख्खा वाचावा लागतो. दान मिळाले ते एका भागवत आचार्याला. नागकुळाची नात ब्राह्मणी धर्माला गाव देते, हेही त्याच तांब्यावर आहे. ते आपल्याला बोचते म्हणून खोडायचे नाही. खोडाखोड काशीच्या पंडिताने केली. त्या नागकुळापासून आजच्या आपल्या वस्त्यांपर्यंतचे दुवे अजून शोधायचे आहेत, आणि ते काम आपल्या विद्यार्थ्यांचे आहे.

शोधायला जागा कमी नाहीत. धाम नदीकाठचे पवनार लोकांना विनोबांच्या आश्रमामुळे ठाऊक आहे. तिथल्या टेकाडात १९६७ साली नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले, तेव्हा सातवाहनांच्याही आधीचे थर लागले. वाकाटकांची प्रवरपूर ही राजधानी पवनारला होती की रामटेकजवळच्या मनसरला, हा वाद अजून मिटलेला नाही. मनसरचे उत्खनन बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेच्या पुढाकाराने झाले, याचा मला अभिमान आहे. उत्खनन करणाऱ्यांनी तिथे स्तूप-विहार मांडले. दुसरे अभ्यासक 'प्रवरेश्वर' अक्षरांच्या मुद्रेवर बोट ठेवून शिवमंदिर म्हणतात. वाद होऊ द्या. आपल्या माणसांनी कुदळ हाती घेतली, म्हणून तर वादाला दोन्ही बाजूंनी वस्तू आहेत.

आणि हरवलेली संस्कृतीच हवी असेल तर शिळावर्तुळे बघा. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप बायबल शिकवायला आले होते, पण खडकात त्यांनी नोहाचा पूर शोधला नाही. थर आणि जीवाश्म नोंदले. टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते बोरीजवळ पुराच्या पाण्यात वाहून गेले. नंतर रिव्हेट-कार्नाकसारख्या इंग्रज अधिकाऱ्यांनी या वर्तुळांचे नाते युरोपातल्या दगडांशी जुळवले. आपल्या मातीतल्या माणसांनी हे उभारले असेल, ही शक्यता त्यांना आधी सुचली नाही. उत्खननांनी ते चित्र बदलले. आपल्या जिल्ह्यातले खैरवाडा, शेजारचे माहुरझरी, नायकुंड: लोखंडाची अवजारे, घोड्यांचे सांगाडे, नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच. अडीच हजार वर्षांहून जुने काम. ते लोक कोणता देव मानत होते, स्वतःला काय म्हणवत होते, हे दगड सांगत नाहीत. लोखंड गाळत होते, हे मात्र सांगतात.

हीच वर्तुळे आता नांगराखाली, रस्त्याच्या भरावात आणि मुरमाच्या खाणीत जात आहेत. १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा राज्याचा पुरातत्त्व कायदा आहे, पण संरक्षित यादीत जागा असल्याशिवाय तो मदतीला येत नाही. १८७८ चा निखात निधी कायदा अजून जिवंत आहे: जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवायचे. किती शेतकऱ्यांना हे ठाऊक आहे? आपल्या प्रत्येक तालुक्यात दोन-चार शिकलेली मुले बसलेली आहेत. त्यांनी गावोगाव फिरून वर्तुळे मोजावीत, गट नंबर लिहावेत, फोटो काढावेत, ग्रामपंचायतीचा ठराव घ्यावा आणि त्याची प्रत जोडून पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयाला अर्ज द्यावा. अर्जाचा मसुदा मी फुकट करून देईन. अर्जावर पोच मात्र घ्यायला विसरू नये.