घटस्फोट आणि घराचा उंबरठा

संसार मोडला की स्त्रीनेच गाठोडे बांधून माहेरची वाट धरावी, ही रीत अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर आपण किती दिवस चालू देणार? १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा घर नावावर नसलेल्या पत्नीसही सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो. परंतु वास्तव्य म्हणजे मालकी नव्हे. ग्रामपंचायतीचा उतारा तर केवळ कराची नोंद! म्हणून घर घेतानाच दस्तात दोघांची नावे घाला. विभक्त होण्याची वेळ आलीच, तर घराचा निवाडा तोंडी न ठेवता न्यायालयाच्या हुकूमनाम्यात लिहून घ्या. १९२७ साली महाडच्या तळ्यावर मागितलेली समता आपल्याच उंबरठ्याआड नाकारावी काय?