आधी शाकारणी, मग रंगरंगोटी

वाचकहो, या सदरात आपण नेहमी घराच्या देखभालीबद्दल बोलतो. आजही घराबद्दलच बोलायचंय, पण हे घर चाकांवरचं आहे.

आम्ही अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये आम्ही एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर विकत घेतला. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे इंजिन नसलेलं, गाडीच्या मागे जोडून ओढायचं छोटं घर. आमचा २१ फुटांचा, २०१२ सालचा. आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, सगळं काही. उन्हाळ्यात लेक ईरीच्या काठी आठवडाभर राहायचं, असा बेत होता. रत्नागिरीहून बाबा येणार होते, म्हणून मी आणि माझी दहा वर्षांची लेक आत काय काय सजवायचं याच्या याद्या करत होतो. नवे पडदे, भिंतींना कागद, नवरोबांना छतावर सोलर पॅनल.

मेमध्ये बाबा आले. ट्रेलरमध्ये शिरले, दोन पावलं चालले आणि न्हाणीघराच्या दाराशी थबकले. टाचेनं जमीन दाबून पाहिली.

"अगं, इथं लादी दबतेय. वरून पाणी येतंय कुठून तरी. घर शाकारलंय का यांनी कधी?"

आमच्या कोकणातल्या कौलारू घरी मे संपत आला की कौलं उतरवून, फुटकी बदलून घर शाकारलं जायचं. तो खर्च आणि ते कष्ट कोणी टाळत नसे. ट्रेलरलाही शाकारणी लागते, हे मात्र आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पाणी शिरतं कुठून?

ट्रेलर रस्त्यावर धावतो तेव्हा अख्खं घर तासन्‌तास हादरत असतं. त्यामुळे सांधे हळूहळू सुटतात. छतावर हवेच्या खिडक्या, पाइप, अँटेना यांसाठी भोकं पाडलेली असतात आणि त्यांच्या कडांना सीलंट लावलेलं असतं. ऊन आणि थंडी खाऊन त्याला तडे जातात. केसाएवढ्या तड्यातून आलेलं पाणी आतल्या लाकडी सांगाड्यात मुरतं. बाहेरून काही दिसत नाही आणि आत प्लायवूड कुजत राहतं.

जुना ट्रेलर घेताना म्हणूनच नाकाचा आणि टाचेचा उपयोग करा. कुबट वास येतो का? कोपऱ्यात, खिडकीखाली, न्हाणीघराजवळ जमीन दबते का? बाहेरच्या भिंतीला फुगवटा आलाय का? आम्ही यातलं काहीच पाहिलं नव्हतं.

दुरुस्ती केंद्रानं साडेतीन हजार डॉलर सांगितले. ट्रेलर घेताना शिल्लक जवळजवळ संपली होती. परत विकावा तर दोष सांगूनच विकावा लागणार. शेवटी बाबा आणि नवरोबांनी काम अंगावर घेतलं. जूनची सहल रद्द झाली, लेक दोन दिवस रुसली.

सुरुवात जमिनीपासून नाही, छतापासून केली. छतावर चढताना वजन एका जागी पडू नये म्हणून खाली प्लायवूडचा तुकडा घेतला. छताचं रबर फाटू नये म्हणून प्लॅस्टिकच्या खरवडणीनं जुनं सीलंट काढलं. खिडकीची चौकट सोडवून खाली नवी ब्युटिल टेप घातली, स्क्रू आवळले आणि वरून ट्रेलरच्या छतासाठीच मिळणारं, आपोआप समतल पसरणारं सीलंट ओतलं. घरातलं नेहमीचं सिलिकॉन इथं लावू नका. ते सुटलं की त्यावर पुढे दुसरं काही नीट चिकटत नाही. छत रबराचं असेल तर पेट्रोलजन्य क्लीनरही वर्ज्य.

मग न्हाणीघरापुढचं कुजलेलं प्लायवूड कापून काढलं, पंखा लावून आतलं लाकूड आठवडाभर वाळवलं आणि नवा तुकडा बसवला. तीन शनिवार-रविवार गेले. सामानाला अडीचशे डॉलर लागले.

हिरवा दिवा आणि साबणाचा फेस

जुलैत निघायच्या आदल्या दिवशी मी आत चहा करून पाहत होते. बाबांनी विचारलं, "गॅसचे जोड तपासलेत?" जमिनीलगत गॅस ओळखणारं यंत्र होतं, त्याचा हिरवा दिवा लागलेला होता. मी ते दाखवलं. बाबांनी वाकून मागचा शिक्का वाचला. यंत्र २०१२ चं! अशी यंत्रं साधारण पाच ते सात वर्षं चालतात. त्यानंतर दिवा लागत असला तरी त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

बाबांनी वाटीत साबणाचा फेस केला आणि घरी सिलिंडरच्या जोडाला लावतात तसा शेगडीमागच्या जोडाला लावला. एक बुडबुडा आला. मग दुसरा.

कोणी काही बोललं नाही. नवरोबांनी बाहेर जाऊन सिलिंडर बंद केला, मी दारं-खिडक्या उघडल्या. त्या रात्री लेक हट्टानं ट्रेलरमध्येच झोपणार होती, तिची उशीसुद्धा पलंगावर आणून ठेवली होती.

जोड परवानाधारक माणसाकडून बदलून घेतला. गॅसच्या कामात घरगुती कारागिरी नको. ट्रेलरमधला प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅससारखाच तो खाली साचतो. म्हणून त्याचं यंत्र जमिनीलगत लागतं. कार्बन मोनॉक्साइडसाठीही यंत्र हवंच, कारण त्याला वास नसतो. दोन्ही यंत्रांवरची तारीख वाचा.

टायर आणि वंगण

आमच्या टायरची नक्षी नव्यासारखी होती. पण कडेला चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलर वर्षातले बरेच महिने उभा असतो, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. पाच-सहा वर्षांनी ते बदलावेत. चाक बदलल्यावर पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांनंतर नट पुन्हा आवळून पाहावेत.

चाकांच्या बेअरिंगचं वंगण वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांनी, जे आधी येईल तेव्हा, बदलायचं. बाबा म्हणाले, "बैलगाडीच्या आसालाही वंगण लागायचंच की."

आता हौस

सुधारणा करताना पहिला प्रश्न वजनाचा. गाडीच्या जोडावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा. मागच्या बाजूला जड सामान भरलं, तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. म्हणून आम्ही आधी हलक्या सुधारणा केल्या. जुने १८ वॅटचे दिवे काढून तीन वॅटचे एलईडी लावले. जुन्या शिशाच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी लागते, नाहीतर ती लवकर मरते. लिथियम बॅटरी हलकी, जास्त वीज देणारी, पण चार्जर तिला चालणारा हवा आणि शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. सोलर पॅनल पुढच्या वर्षी. छताला नवी भोकं पाडायची नवरोबांना आता घाई नाही.

वर्षाचं वेळापत्रक

वसंतात: छत, सांधे, टायर, गॅसचे जोड.
प्रवासाआधी: नट, ब्रेक, मागचे दिवे, सामानाची मांडणी.
हिवाळ्याआधी: टाक्या आणि गीझर रिकामे करा. गीझर बायपास करून नळांत पिण्याच्या पाण्याच्या पाइपांसाठीचं गुलाबी अँटिफ्रीझ भरा. गाडीच्या रेडिएटरचं विषारी असतं, ते चुकूनही नको. पाणी गोठलं की पाइप फुटतात.

भारतातही आता भाड्यानं कॅरॅव्हॅन मिळू लागल्या आहेत. महाराष्ट्र आणि केरळ सरकारांनी २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाची धोरणं आणली. तुम्ही अशी गाडी घेतलीत, तर पडदे पाहण्याआधी गॅसच्या यंत्रावरची आणि टायरवरची तारीख पाहा.

आमची सहल जुलैच्या शेवटी झाली. पहिल्याच रात्री तळ्यावरून जोराचा पाऊस आला. बाबा उठून न्हाणीघराशी गेले, छताला हात लावून पाहिला, टाचेनं जमीन दाबली आणि परत येऊन झोपले. लेकीनं अंधारातच विचारलं, "आजोबा, कोरडं आहे?"

"कोरडं आहे गं बाळ. झोप."

पडदे अजून जुनेच आहेत.